उचलण्याआधी : बुडीत जहाजांच्या सर्वेक्षण-उत्खनन परवान्यांविषयी

हैदराबादच्या हुसेनसागरात १० मार्च १९९० रोजी बुद्धाची एकसंध पाषाणातली प्रचंड मूर्ती तराफ्यावरून नेताना घसरली आणि तळाशी गेली. त्या अपघातात माणसेही दगावली. पावणेतीन वर्षांनी, १ डिसेंबर १९९२ रोजी, मूर्ती वर काढण्यात आली. आज ती तलावाच्या मधोमध उभी आहे आणि संध्याकाळी तिच्यापुढे फोटो काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ती एकदा बुडाली होती हे ठाऊक असते. जहाजी धंद्यात अशा कामाला सॅल्व्हेज म्हणतात. वस्तू न मोडता वर आली की सॅल्व्हेज यशस्वी. गाळात मूर्ती कुठल्या कुशीवर पडली होती, तिच्याभोवती काय होते, हे कोणी नोंदवले नसले तरी काही बिघडले नाही. ती रायगिरीच्या दगडातून घडली, गणपती स्थपतींच्या हाताखाली घडली, हे सारे आधीच कागदावर होते.

तळाशी तीनशे वर्षांपूर्वीचे, नाव-गाव नसलेले जहाज असते तर गोष्ट उलटी झाली असती. त्याचा इतिहास कुठल्याच कागदावर नाही. तो आहे वस्तूंच्या मांडणीत : कोणती तोफ कुठे पडली, कोणत्या बरणीशेजारी कोणता हस्तिदंत होता, लाकडाचा कोणता तुकडा कोणत्या थराखाली दबला. वस्तू उचलली की मांडणी मोडते, आणि ती पुन्हा लावता येत नाही. म्हणून उत्खनन हा ज्ञान मिळवण्याचा मार्ग असला तरी त्याच वेळी तो पुराव्याचा नाशही असतो. एकदाच करता येणारे हे काम कोणी, कोणत्या तयारीने आणि कोणाला उत्तरदायी राहून करावे, हे ठरवण्याचे साधन म्हणजे परवाना. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच आहे.

समुद्रापासून इतक्या दूर, दख्खनच्या पठारावर बसून या विषयाची प्रस्तावना लिहावी का, असे कोणी विचारील. पण हैदराबाद आणि समुद्र यांचे नाते जुने आहे. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचे मोठे बंदर मछलीपट्टण. तिथे डचांनी १६०५ साली आणि इंग्रजांनी १६११ साली व्यापार सुरू केला. गोवळकोंड्याच्या बाजारातले कापड आणि हिरे त्या बंदरातून जगभर गेले. आज याच शहरात इन्कॉइस ही महासागर माहिती सेवेची राष्ट्रीय संस्था आहे. १९९९ साली स्थापन झालेली ही संस्था लाटा, प्रवाह, वारा यांचे अंदाज देते, त्सुनामीचा इशाराही इथूनच निघतो. समुद्रातल्या उत्खननाचा कार्यक्रम आखणारा कोणीही असे अंदाज पाहिल्याशिवाय पाणबुड्यांना पाण्यात उतरवत नाही. आणि २०१७ च्या नौकाधिकरण कायद्याने जहाजांविषयीचे दावे ऐकण्याचा अधिकार ज्या उच्च न्यायालयांना नावानिशी दिला, त्यांत मुंबई, कोलकाता, मद्रास यांच्या पंगतीत त्या वेळचे हैदराबादचे उच्च न्यायालयही होते.

मात्र विषयाचे खरे घर गोवा आणि कोकण. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. एस. आर. राव यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी सागरी पुरातत्त्वाचा विभाग उभा केला. द्वारकेच्या शोधामुळे त्या कामाचे नाव झाले. जहाजांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम त्यानंतर गोव्याच्या खडकांवर झाले. सुंची खडकावर संस्थेच्या संशोधकांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष मिळाले : लोखंडी तोफा, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे, मोठ्या बरण्यांच्या खापऱ्या. यांतली प्रत्येक वस्तू वेगळी पाहिली तर पुराणवस्तूंच्या बाजारातला एक नग. एकत्र पाहिल्या की दिसतो आफ्रिकेचा किनारा, चीनची भट्टी आणि गोव्याचे बंदर यांना बांधणारा व्यापार.

सेंट जॉर्ज खडकाचे उदाहरण मला त्याहून बोलके वाटते. तिथे सोने नाही, चांदी नाही. आहेत त्या बासेल मिशनच्या कारखान्याच्या छाप्याच्या कौलांसह भाजक्या मातीच्या नळ्या, विटा आणि स्तंभशीर्षे. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या घरांची छपरे बदलली. हे जहाज त्या बदलाचा माल घेऊन निघाले होते. खजिना शोधणाऱ्याने असल्या विटा बाजूला फेकल्या असत्या. एमी शोल्सवरचे तिसरे जहाज वाफेचे. त्याचे बॉयलर आणि भट्टीच्या विटा तळाशी सापडल्या. एका छोट्या किनारपट्टीवर शिडाच्या काळापासून वाफेच्या काळापर्यंतचा प्रवास मांडलेला आहे, आणि तो वाचता आला तो खडकावर अभ्यासक उतरले म्हणूनच.

आता कायद्याकडे. भारतात बुडीत जहाजांसाठी स्वतंत्र कायदा नाही. जमिनीसाठी केलेले, बंदरांसाठी केलेले आणि सागरी हद्दीसाठी केलेले कायदे एकत्र वाचावे लागतात. ते समजायला सोपे जावेत म्हणून किनाऱ्यापासून आत आत जाऊ.

पहिला टप्पा किल्ल्यांच्या पायथ्याचा. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग ही केंद्र सरकारची संरक्षित स्मारके. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित व त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले. जलदुर्गांच्या बाबतीत हे वर्तुळ बहुतांशी पाण्यातच पडते. त्या क्षेत्रात बांधकामावर बंधने आहेत. उत्खननाचा मुद्दा त्याहून काटेकोर आहे, कारण संरक्षित हद्दीत पुरातत्त्व अधिकारी किंवा परवानाधारक यांच्याखेरीज कोणाला खणता येत नाही. मालवणला आणखी एक थर चढतो. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे वन्यजीव कायदाही लागू होतो. प्रवाळाला चिकटलेला नांगर ही एकाच वेळी पुरावस्तू असते आणि सजीवांचे घरही.

विजयदुर्गाच्या खाडीत फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. मराठ्यांच्या नौकाबांधणीविषयी बखरींत आणि परकीयांच्या नोंदींत जे मिळते त्याची पडताळणी करणारा पुरावा कुठे असेल तर तो अशाच खाड्यांच्या गाळात. म्हणून त्या गाळाला हात लावण्याआधीची शिस्त मराठी वाचकाच्या थेट जिव्हाळ्याची आहे.

दुसरा टप्पा बारा सागरी मैलांपर्यंतचा. हा प्रादेशिक समुद्र, इथे भारताचे सार्वभौमत्व. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९७ प्रमाणे समुद्रतळाशी असलेल्या जमिनी, खनिजे आणि मौल्यवान वस्तू केंद्राकडे निहित आहेत. त्यामुळे गोव्याच्या वा महाराष्ट्राच्या पुरातत्त्व विभागाला आपल्याच किनाऱ्यासमोर उत्खनन करायचे तरी केंद्राची संमती लागते. १९५८ च्या कायद्याचे कलम २४ असंरक्षित क्षेत्रातल्या उत्खननाबाबत राज्यांना पूर्वमान्यतेचे बंधन घालते. परवाना मिळतो तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या महासंचालकांकडून. १९५९ च्या नियमांनुसार पाहिले जाते ते अर्जदाराचे स्थान, उत्खनन-संचालकाची पात्रता आणि पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ. अनामत रक्कम घेतली जाते, काम सुरू होण्याआधी लेखी सूचना द्यावी लागते, सापडलेल्या वस्तूंची यादी आणि कामाचा अहवाल सादर करावा लागतो. प्रस्तावांची छाननी केंद्रीय पुरातत्त्व सल्लागार मंडळाच्या स्थायी समितीपुढे होते. विद्यापीठे, राज्यांचे विभाग, संशोधन संस्था हे नेहमीचे अर्जदार. हौशी पाणबुड्यांच्या क्लबाला किंवा खाजगी कंपनीला या दाराने आत येणे सोपे नाही, आणि तसे असावे हेच योग्य.

तिसरा टप्पा बारा मैलांपलीकडचा, दोनशे मैलांपर्यंतचा. इथे १९७६ चा सागरी क्षेत्र कायदा लागतो. खंडमंच आणि अनन्य आर्थिक क्षेत्र यांत केंद्राच्या परवान्याशिवाय वा अधिकारपत्राशिवाय शोध, उत्खनन किंवा संशोधन करण्यास हा कायदा मनाई करतो, आणि ही मनाई परकीय सरकारांनाही आहे. ‘शोध’ हाही त्यात आहे, हे विसरू नये. कारण बहुतेकांचा समज असा की खणत नसू तर परवानगी कशाला? पाण्याखालचे सर्वेक्षण म्हणजे साइड-स्कॅन सोनारने तळाचे चित्र घेणे, मॅग्नेटोमीटरने लोखंड ओळखणे, गाळाखालच्या थरांचा आलेख काढणे. यात वस्तूला धक्का लागत नाही, हे खरे. पण अशा सर्वेक्षणातून तळाचा तपशीलवार नकाशा तयार होतो आणि तसा नकाशा नौदलाच्या दृष्टीने संवेदनशील असतो. परकीय सहकारी वा परकीय जहाज असेल तर संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांची संमती आलीच. शिवाय ज्या ठिकाणी जहाज सापडले त्याचे अक्षांश-रेखांश बाहेर फुटले तर पुरातत्त्वज्ञाच्या आधी लुटारू पोचतात. म्हणून सर्वेक्षणाच्या परवान्यातही माहिती कोणाकडे राहील, केव्हा प्रसिद्ध होईल, याची अट असायला हवी.

एवढे वाचून कोणाला वाटेल की व्यवस्था बरीच भक्कम आहे. अडचण वेगळीकडे आहे. याच जहाजाला दुसरे काही कायदे पुरावस्तू म्हणून ओळखतच नाहीत. त्यांच्या लेखी तो बेवारस माल. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात जहाजाचे भग्नावशेष सापडले तर ‘रिसीव्हर ऑफ रेक’ला कळवायचे, मालकाने वर्षभरात हक्क सांगायचा, नाही सांगितला तर सरकारने विल्हेवाट लावायची, आणि वाचवणाऱ्याला मोबदला मिळायचा, अशी रीत होती. १९०८ च्या बंदर कायद्याने बंदराच्या हद्दीत वाहतुकीला आड येणारे बुडीत जहाज उचलण्याचा वा नष्ट करण्याचाही अधिकार दिला होता. या दोन्ही कायद्यांच्या जागी २०२५ साली संसदेने नवे कायदे मंजूर केले आहेत, पण त्यांमागची दृष्टी जहाजाकडे अडथळा किंवा मालमत्ता म्हणूनच पाहते. आणि १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे कलम २१ सांगते की समुद्रातून भारतात आलेला बुडीत वा बेवारस माल आयात मालासारखा समजावा. म्हणजे तळावरून निघालेल्या चिनी खापरीवर तत्त्वतः सीमाशुल्क अधिकाऱ्याचाही हक्क पोचतो.

सापडणाऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. एखाद्या ट्रॉलरच्या जाळ्यात पितळेची घंटा आली. नौवहनाच्या वाटेने गेले तर मोबदल्याची आशा आहे. पुरातत्त्वाच्या वाटेने गेले तर जबाब, पंचनामा, जप्ती आणि हंगाम बुडण्याची भीती. १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, पण गोदीबाहेरच्या भंगारवाल्याकडे नेण्यापासून तिला अडवायला किनाऱ्यावर कोणी नसते. माझे म्हणणे याच ठिकाणी आहे : आपल्या बुडीत जहाजांना धोका परवाना कडक असण्याचा नाही. धोका आहे तो दोन व्यवस्थांपैकी कोणाने आधी पाहावे हे ठरलेले नसण्याचा. शंभर वर्षांहून जुने असण्याची शक्यता दिसताच नौवहन आणि बंदर अधिकाऱ्यांनी हात थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवणे बंधनकारक झाले, तर निम्मे भांडण मिटेल.

शंभर वर्षांची ही रेषा दरवर्षी पुढे सरकते, हेही ध्यानात घ्यावे. नोव्हेंबर १९२७ मध्ये एकाच दिवशी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी कोकण किनाऱ्यावर बुडाल्या. नोव्हेंबर २०२७ मध्ये त्या दुर्घटनेला शंभर वर्षे होतील. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली; तिच्या बुडण्याला २०४७ मध्ये शंभर वर्षे होतील. अशा बोटींच्या बाबतीत वयाबरोबर दुसराही विचार असतो. ती थडगी आहेत. मृतांचे नातेवाईक अजून आहेत. परवाना देताना मानवी अवशेषांविषयी काय करायचे आणि कोणाला विचारायचे, हे कलम कायद्यात ठळकपणे नाही. ते लिहून घेण्याची वेळ आली आहे.

जगाने या प्रश्नाचे काय केले? युनेस्कोने २००१ साली पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाचा करार केला. तो २००९ च्या जानेवारीत अमलात आला. त्यातली दोन तत्त्वे पायाभूत आहेत : शक्यतो वस्तू जागेवरच जपाव्यात, आणि त्यांचा व्यापार होऊ नये. भारताने अजून तो स्वीकारलेला नाही. ब्रिटनही त्यात नाही, पण त्याच्या १९७३ च्या कायद्याखालील रचना अभ्यासण्याजोगी आहे. नुसते जाऊन पाहण्याचा, सर्वेक्षणाचा, पृष्ठभागावरची वस्तू उचलण्याचा आणि उत्खननाचा असे तिथे वेगवेगळे परवाने असतात. अर्जदाराने एकेक पायरी चढावी, आधीच्या पायरीचा अहवाल द्यावा, मग पुढची मागावी. आपल्याकडे हीच पद्धत आणली तर हौशी पाणबुड्यांनाही पाहण्याच्या आणि नोंदवण्याच्या कामात सामावून घेता येईल, आणि खणण्याचा अधिकार मात्र जाणकारांकडेच राहील.

दोन जहाजांच्या कथा शेजारी ठेवल्या की परवान्याचा परिणाम दिसतो. ‘गेरसोप्पा’ हे ब्रिटिश जहाज कोलकात्याहून चांदी घेऊन निघाले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीने ते बुडवले. पुढे ब्रिटिश सरकारशी करार करून अमेरिकेतल्या एका कंपनीने २०१२ आणि २०१३ साली शंभर टनांहून अधिक चांदी वर काढली, आणि करारानुसार तिचा मोठा वाटा कंपनीला मिळाला. दुसरे जहाज वास्को द गामाच्या ताफ्यातले ‘एस्मेराल्दा’. ते १५०३ साली ओमानजवळ बुडाले. ओमानच्या वारसा मंत्रालयाच्या सहभागाने त्याचे उत्खनन झाले, आणि वस्तू विक्रीला न जाता अभ्यासाला आणि संग्रहालयाला मिळाल्या. पहिल्या परवान्याने चांदीचा हिशेब दिला, दुसऱ्याने पाचशे वर्षांपूर्वीच्या नौकानयनाचे ज्ञान.

भारतातही चांगले उदाहरण आहे. पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची पाण्याखालच्या पुरातत्त्वाची शाखा २००१ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी नौदलाच्या साहाय्याने तिने लक्षद्वीपमधील बंगाराम बेटाजवळ ‘प्रिन्सेस रॉयल’ या अठराव्या शतकातल्या जहाजाचे उत्खनन केले. नौदलाकडे नौका, पाणबुडे आणि सुरक्षा; पुरातत्त्व विभागाकडे पद्धत आणि नोंद. परवान्याच्या फायलीत वेगवेगळ्या खात्यांचे जे शिक्के लागतात, ते कामावर एकत्र आले तर काय होते हे बंगारामने दाखवले.

परवान्यात एक बाब मात्र आपल्याकडे नेहमी कमी भरते, ती म्हणजे संवर्धन. शतकानुशतके खाऱ्या पाण्यात राहिलेले लाकूड हवेत आणले की आकसते आणि फुटते. लोखंडी तोफ क्षार काढून टाकले नाहीत तर पापुद्र्यांनी झडते. स्वीडनचे ‘वासा’ जहाज १९६१ साली वर काढले आणि त्यावर रसायनाचा फवारा सतरा वर्षे चालला. प्रयोगशाळा, टाक्या, रसायने आणि पुढच्या दहा-वीस वर्षांचा पैसा दाखवल्याशिवाय उत्खननाचा परवाना देऊ नये, आणि ते नसेल तर जहाज जागीच राहू द्यावे. वाळूखाली ते अधिक सुरक्षित असते.

अभ्यासकांची तक्रारही रास्त आहे. पावसाळा सोडला तर पश्चिम किनाऱ्यावर पाण्यात उतरण्याजोगे महिने मोजकेच. त्यात एका खात्याची संमती ऑक्टोबरात आली आणि दुसऱ्याची मार्चमध्ये, की वर्ष गेले. याला उपाय नवा प्रचंड कायदा हाच आहे असे नाही. १९७६ च्या कायद्यातच तरतूद आहे की केंद्र सरकार अधिसूचना काढून देशातला कोणताही कायदा खंडमंच आणि आर्थिक क्षेत्राला लागू करू शकते. १९५८ चा पुरातत्त्व कायदा तसा लागू करावा, पुरातत्त्व, नौवहन, नौदल, पर्यावरण या खात्यांचा एक संयुक्त कक्ष असावा आणि अर्ज तिथेच एकदा दाखल व्हावा, एवढ्याने बराच मार्ग मोकळा होईल. जोडीला ज्ञात बुडीत जहाजांची राष्ट्रीय नोंदवही हवी. तिच्यात नेमकी ठिकाणे गुप्त राहावीत, पण जहाज आहे एवढे बंदरांना कळावे.

हे पुस्तक त्या वाटेवरची व्यवहारी सोबत म्हणून लिहिले आहे. पहिल्या भागात कायदे किनाऱ्यापासूनच्या अंतराप्रमाणे लावले आहेत. दुसऱ्या भागात अर्ज कसा करावा, सोबत काय जोडावे, अहवाल कसा लिहावा हे आहे. तिसरा भाग कोळी, पाणबुडे, गाळ उपसणाऱ्या कंपन्यांचे कर्मचारी आणि बंदर अधिकारी यांच्यासाठी आहे, आणि वाचकाने वेळ नसेल तर तोच आधी वाचावा. त्याचे सार थोडक्यात असे : जाळ्यात किंवा ड्रेजरमध्ये जुनी वस्तू आली तर जागा जीपीएसवर नोंदवा, शक्य असेल तर फोटो काढा, वस्तू ओलीच ठेवा, घासूनपुसून स्वच्छ करू नका, आणि जिल्हाधिकारी वा पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या मंडळ कार्यालयाला कळवा. पुन्हा त्याच जागी दुसरी वस्तू आणायला जाऊ नका. तळाशी जे उरले आहे ते पुढच्या परवान्याचा अर्ज लिहिणाऱ्यासाठी आहे.

हैदराबाद